आबांच्या सभेत हात वर करायची सोय नव्हती

“हात खाली घ्या. मला दिसतोय व्हय तो? तोंडानं सांगा. नाव सांगा आन् होय का न्हाई ते सांगा.”

करंजदरीच्या सेवा सोसायटीत मी सचिव म्हणून रुजू झालो, त्या पहिल्याच सभेत हे ऐकलं. ठराव साधा होता, खताचं गोदाम दुरुस्त करण्याचा. सगळ्यांनी सवयीनं हात वर केले होते आणि अध्यक्ष त्यांच्यावर खेकसत होते. अध्यक्ष दोन्ही डोळ्यांनी आंधळे आहेत, हे मला तालुक्याच्या ऑफिसात कुणीही सांगितलं नव्हतं. “जा, करमेल तुम्हाला तिथं,” एवढंच साहेब म्हणाले होते आणि शेजारचा कारकून गालात हसला होता.

एकनाथ आबांना लहानपणी देवी आल्या आणि डोळे घेऊन गेल्या. घराणं धारूरच्या घाटाखालचं, जमीनजुमला असलेलं. शेती धाकटा भाऊ भानुदास बघायचा, आबांनी गाव बघायला घेतलं. ‘बघायला’ हा शब्द ते स्वतःच वापरत आणि समोरचा अवघडला की खूश होत. सोसायटीचं अध्यक्षपद, पंचायत समितीची मेंबरशिप, मधली काही वर्षं सभापतीची खुर्ची, असा त्यांचा राजकारणातला पसारा होता. अंगानं उंच, डोक्याला पांढरा फेटा, कमरेला तपकिरीची डबी. काळा चष्मा त्यांनी कधी लावला नाही. “चष्मा लावला की लोक मोठ्यानं बोलाया लागतेत. आंधळा हाय मी, बहिरा न्हाई.”

फार गोड माणूस होता, असं मी म्हणणार नाही. हट्टी होते. बायकोचं ऐकत नसत. स्वतःच्या आवाजावर त्यांचं भारी प्रेम होतं आणि माइक बंद पडला तर त्यांना आनंदच व्हायचा. फेट्याचा पीळ जरा चुकला तर हातानं चाचपून पुन्हा बांधायला लावत. दिसत नाही त्या माणसाला दिसण्याची एवढी हौस कशाला, असं मी एकदा गमतीत म्हटलं. ते म्हणाले, “फेटा लोकांनी बघायचा आसतो. सोताचं तोंड कोन बघत बसतंय बे?”

तोंडानं मत देण्याची त्यांची पद्धत मला सुरुवातीला ताप वाटायची. एकेक सभासद उठणार, नाव सांगणार, घसा खाकरणार, मग होय किंवा नाही म्हणणार. अर्धे लोक मधेच चहाला जाऊन येत. एकदा एकानं “होय” म्हटलं, भावकीतल्या कुणाची तरी नजर त्याच्यावर पडली असावी, लगेच “न्हाई, न्हाई” म्हणाला. आबा म्हणाले, “आधीचं कुनाचं आन् आत्ताचं कुनाचं, तेवढं सांग. तुजं म्हनून कंचं लिहू?” सभा हसली. तो गडी बराच वेळ उभा राहिला आणि शेवटी “पैलं” म्हणून खाली बसला.

“हात वर कराया काय लागतंय, सेक्रेटरी?” ते मला म्हणत. “बाजूचा करतो म्हून आपुन करतो. तोंड उघडलं की मानसाला सोताचा आवाज ऐकू येतो. मग जरा जपून बोलतो.”

सभापती असताना त्यांना कामांची पाहणी करावी लागे. आंधळा माणूस पाहणी काय करणार, म्हणून इंजिनिअर लोक निर्धास्त असत. आबांची त्यावर एक युक्ती होती. ते गावातली दोन माणसं बरोबर घेत, एकमेकांचं तोंड न पाहणारी. आमच्याकडे वामन आणि दगडू अशी एक जोडी होती. बांधावरून त्यांचं इतकं वाजलं होतं की एक ज्या हॉटेलात बसला, तिथं दुसरा पाणी प्यायचा नाही. आबा दोघांना जीपमध्ये घालून न्यायचे, कामावर उभं करायचे आणि विचारायचे, “काय दिसतंय?” वामन म्हणायचा भिंत वाकडी आहे, दगडू म्हणायचा सरळ आहे. असं भांडत भांडत दोघं ज्या गोष्टीवर एक व्हायचे, तेवढी आबा खरी धरायचे.

एका पाझर तलावावर मात्र गंमत झाली. वामन म्हणाला, काम एक नंबर आहे. दगडूही म्हणाला, एक नंबर आहे. इंजिनिअरनं सुटकेचा श्वास टाकला. आबांनी तपकीर ओढली आणि ड्रायव्हरला म्हणाले, “गाडी फिरव. हे दोघं एकमुखानं बोलले म्हंजी दोघांचं बी जेवन एकाच घरी झालंय, ठेकेदाराच्या.” त्या तलावाची चौकशी लागली. पुढं वामन आणि दगडू त्याच कारणानं एकमेकांशी बोलायला लागले, हा त्यातला एक फायदा.

मत देताना तर त्यांनी कमालच केली होती. आंधळ्या मतदाराला शिक्का मारायला सोबती नेता येतो. आबा स्वतः उभे असलेल्या निवडणुकीत त्यांनी सोबती म्हणून नेला तो विरोधी उमेदवाराचा माणूस. आबांच्या लोकांनी डोक्याला हात लावला. आबा शांत. “त्यानं चुकीचा शिक्का मारला तर त्यालाच झोप यायची न्हाई. आपला नेला आसता तर त्यानं खरंच मारला का, या घोरानं मला आली नसती.” त्यानं शिक्का कुठं मारला ते त्यालाच ठाऊक. पण तो माणूस पुढं आबा दिसले की चप्पल काढून उभा राहायचा.

कामं घेऊन येणाऱ्यांना मात्र आबा नकोसे वाटत. बदली, परवाना, शिफारस यांतलं काही ते करत नसत. सरकारी गोष्ट रांगेनं मिळाली पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. “मी दिलं तर ते दान झालं, सेक्रेटरी. सभेनं ठरवून दिलं तर हक्क झाला. दान देनारा दुसऱ्या वर्षी आठवन करून देतो. हक्काला कुनाची आठवन ठेवावी लागत न्हाई.” हे त्यांचं सगळं राजकारण. ऐकायला मला बरं वाटायचं. दुष्काळ पडला, तेव्हा त्याचा चटका बसला.

त्या वर्षी पाऊस पोळ्यानंतर फिरकलाच नाही. गावात पाणी राहिलं ते एका ठिकाणी, सोसायटीच्या विहिरीत. ही विहीर सगळ्या सभासदांनी राबून नाल्याकाठी खोदली होती. पण तिच्यावरच्या मोटारीची पाइपलाइन गेली होती ती ऊस असलेल्या मोजक्या बागायतदारांच्या रानात. त्यांत भानुदास, म्हणजे आबांचं स्वतःचं घरही आलं. बाकीचे सभासद कोरडवाहू तुकडेवाले. दसऱ्यानंतर ते बायकामुलं घेऊन पश्चिमेकडच्या कारखान्यांवर ऊसतोडीला जायचे. गावात मागं राहायची त्यांची म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं.

संक्रांतीच्या सुमाराला स्पष्ट झालं की मोटार अशीच चालली तर विहीर होळीलाच तळ दाखवणार. मोटार थांबवली तर पिण्याला पाऊस येईतोवर पुरणार. तोडणीवाल्यांच्या गल्लीतली धोंडाबाई काठी टेकत ऑफिसात आली. तिचे लेक-जावई आणि मुलगा-सून सगळे तोडीवर होते, घरात ती आणि नातवंडं.

“आबा, तुमी अध्यक्ष हाव. लावा की मोटारीला कुलूप.”

“मी लावनार न्हाई, धोंडाबाई. सभा घेतो. सभा लावंल.”

“आन् सभेपतोर आमी तान्हेलं ऱ्हावं का?”

आबांनी मला सभेची नोटीस लिहायला सांगितली. मला त्या दिवशी त्यांचा मनापासून राग आला. एक कुलूप लावायचं, तेवढा अधिकार हातात आहे, आणि हा माणूस तत्त्व कवटाळून बसला आहे. मी तसं बोललो. ते म्हणाले, “आज मी लावलं तर उद्या दुसरा अध्यक्ष येऊन काढंल. मग तिनं कुनाकडं जावं?”

सभा लावली. आले ते बागायतदार आणि त्यांच्या भावकीतले. तोडणीवाले सगळे तिकडं शेकडो मैलांवर. एकेकानं उठून नाव सांगितलं आणि ठणठणीत आवाजात “ऊस” म्हटलं. भानुदासानंही म्हटलं. त्याच्या बाजूनं बघितलं तर त्याचं खोटं नव्हतं, उभा ऊस जळताना बघणं सोपं नाही. आबांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि विचारलं, “सेक्रेटरी, गणपूर्ती हाय का?”

मी म्हटलं, “नाही.”

“आजवर कधी होती?” भानुदास म्हणाला. “चालवून घेतोच की आपुन.”

“आज न्हाई चालवायचं. सभा तहकूब. फुडची सभा कारखान्यावर, कोप्यांत.”

कुणाला आधी कळलंच नाही. कोप्या म्हणजे तोडणीवाले कारखान्याजवळ पाचटाच्या झोपड्या घालून राहतात, त्या. आपल्या गावची सभा परक्या जिल्ह्यात, ऊसतोड्यांच्या झोपड्यांपुढं. मी नियमांची आठवण करून दिली. आबा म्हणाले, “सभासद जिथं, तिथं सभा. न्हाई घेता येत म्हून पोटनियमात लिहिलंय का?” लिहिलं नव्हतं. असं काही कुणाच्या मनात येईल, हे पोटनियम लिहिणाऱ्यालाही वाटलं नसावं.

नोटीस निघाली. मी आणि आबा दोन एसट्या बदलत गेलो. आबा माझं कोपर धरून चालत. बागायतदार जीप करून मागून आले, न येऊन सांगतात कुणाला. कारखाना त्या दिवशी सफाईसाठी बंद होता, म्हणून तोड नव्हती. कोप्यांच्या मधे ताडपत्री अंथरली होती. भोवती बैल, उसाच्या हिरव्या शेंड्यांचे, वाढ्यांचे भारे, धूर. एका बाजूला पांढऱ्या कपड्यांतले बागायतदार, दुसऱ्या बाजूला आमचे तोडणीवाले, नवरे आणि ज्यांच्या नावावर जमीन होती अशा काही बाया. आणि कडेला, हाताची घडी घालून, टोळीचा मुकादम. तो बागायतदारांच्या नात्यातला. पुढच्या वर्षी कुणाला टोळीत घ्यायचं, कुणाला नाही, ते तो ठरवणार.

आबांनी प्रश्न मांडला. विहिरीचं पाणी उसाला की पिण्याला? मग पहिलं नाव घेतलं. ते नाव धोंडाबाईच्या मुलाचं, सटवाचं.

सटवा उठला. मुकादमाकडं बघितलं. खाली बघितलं.

“सांग की बे.”

“तुमी ठरवाल तसं, आबा.”

“मी न्हाई ठरवायचं. तू सांग.”

“तुमी म्हनाल त्ये खरं.”

दुसरं नाव घेतलं. तेच. तिसरं नाव. तो नुसताच उभा राहिला. इतक्या लांब हा माणूस ज्यांचा आवाज ऐकायला आला होता, त्यांच्या तोंडून शब्द निघत नव्हता. पोरं घरी तहानलेली होती आणि तरी निघत नव्हता. मुकादमाचा चेहरा आबांना दिसत नव्हता. मला दिसत होता.

“कोन हुबं हाय इथं?” आबांनी मला हळूच विचारलं.

“मुकादम.”

आबांनी तपकिरीची डबी काढली, उघडली नाही, परत ठेवली. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “चुकलं माजं. तोंड उघडायला बी मागं कायतरी लागतं मानसाला. मला ते कळलं न्हाई. एक घोंगडी आना.”

नेकनूरच्या बैलबाजारात वाढलेल्या मला लगेच उमगलं. आमच्याकडं जनावराचा सौदा बोलून होत नाही. दलाल आणि गिऱ्हाईक रुमालाखाली हात घालतात, बोटं दाबून भाव सांगतात, भोवती गर्दी असून कुणाला पत्ता लागत नाही. आबांनी मांडीवर घोंगडी घेतली. “घोंगडीखाली हात घाला. एक बोट दिलं तर पानी. मूठ दिली तर ऊस. तोंडानं कुनी कायबी बोलायचं न्हाई.”

भानुदास उसळून उठला. “आन् निकाल तुमीच सांगनार व्हय? आमी कशावरनं खरं मानायचं?”

“बरोबर हाय तुजं. तू बी बस माज्या शेजारी. तुजा बी हात ऱ्हाऊ दे खाली. पन डोळे बांध.”

बायांच्या बाजूनं खसखस पिकली. भानुदास बागायतदार, गावात ज्याला बघून लोक वाट सोडतात, त्याचे डोळे त्याच्याच रुमालानं बांधले गेले. मीच बांधले आणि घट्ट बांधले. दोघांच्या पुढ्यात, घोंगडीखालीच, खड्यांचा एकेक ढीग ठेवला. येणाऱ्यानं दोघांच्याही हातात तीच खूण द्यायची; पाणी असेल तर खडा उजवीकडं सारायचा, ऊस असेल तर डावीकडं.

दोघं भाऊ एका घोंगडीखाली हात घालून बसले आणि रांग सुरू झाली. सटवा आला. बाया आल्या. नंतर बागायतदारही आले, तेही सभासदच. बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा तेवढा आवाज. मधेच एकदा भानुदासाचा चेहरा बदलला, बांधलेल्या डोळ्यांवरच्या भुवया वर गेल्या. त्या वेळी समोर कोण होतं ते मी पाहिलं. पण इथं लिहिणार नाही, मतदान गुप्त होतं.

शेवटी मी खडे मोजले. आबांचे आणि भानुदासाचे ढीग खड्याला खडा जुळले. भानुदासानं एक जरी खडा इकडचा तिकडं सारला असता, तरी सभा भांडणात विरली असती. त्यानं तसं केलं नाही. रुमाल सोडल्यावर डोळे चोळत तो स्वतःच म्हणाला, “पानी.” आणि जीपकडं निघून गेला.

परत येताना एका स्टँडवर जीप आणि आमची एसटी एकाच वेळी थांबली होती. भानुदास माझ्याजवळ आला. आबांना ऐकू जाऊ नये म्हणून की काय, हळू आवाजात म्हणाला, “सेक्रेटरी, तोडनीवाल्यांचे हात कळत हुते. कोयत्यानं चिरलेले. पन पान्याच्या बाजूला मऊ हात बी आले हुते. आमच्यातले.” ते मी आबांना सांगितलं. ते म्हणाले, “म्हंजी भ्या दोनी बाजूला हुतं.”

मोटारीला कुलूप लागलं. ऊस वाळला, आबांचाही. तो तोडून जनावरांना घातला. आबांच्या बायकोनं, वहिनींनी, त्यांना काय काय ऐकवलं, ते मी ओसरीवर बसून ऐकलं आहे. भानुदास त्या उन्हाळ्यात भावाशी बोलला नाही. पण विहीर मृगापर्यंत पुरली, आणि धोंडाबाईच्या गल्लीत त्या वर्षी टँकरच्या मागं धावायची पाळी आली नाही.

पाऊस पडून गेल्यावर सहायक निबंधकांचा आदेश आला. कुणीतरी तक्रार केली होती. सभा कार्यक्षेत्राबाहेर झाली, मतदानाची रीत नियमबाह्य होती, सबब ठराव रद्द. मी आबांना वाचून दाखवला. पाणी तर पिऊन झालं होतं, म्हणून मी हसत हसतच वाचला. त्यांनी पुन्हा वाचायला लावला.

“सभाच झाली न्हाई, असं म्हनतेत ना?”

“तसंच.”

“मग कुलूप कुनी लावलं?”

“कागदोपत्री बघायला गेलं तर तुम्ही.”

ते एकदम खचल्यासारखे दिसले. निवडणूक हरल्यावरही मी त्यांना तसं पाहिलेलं नाही. “म्हंजी मी दानच केलं म्हना की,” एवढंच बोलले. दुसऱ्या दिवशी त्यांनी राजीनामा दिला. मी खूप समजावलं. ऐकतील तर आबा कसले.

दसऱ्याआधी, टोळ्या निघायच्या आत, गावातच वार्षिक सभा झाली. नवा अध्यक्ष भानुदास. पावसानं दगा दिलेल्या वर्षी मोटार चालवायची नाही, विहीर पिण्याला, हा ठराव त्यानंच मांडला. का मांडला ते त्यानं कधी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. मुकादम सभेला होता, पण आता अध्यक्षच ठराव मांडत होता, त्यामुळं सटवानं नाव सांगून “होय” म्हटलं. आबा मागं सतरंजीच्या कडेला बसले होते. त्यांचं नाव आल्यावर तेही उठले आणि इतरांसारखं नाव सांगून, “होय” म्हणून बसले.

पुढच्या पंचायत समितीच्या निवडणुकीत आबा पडले. मतदान आलं ऐन तोडणीच्या दिवसांत, त्यांना मतं देणारी माणसं कोप्यांत. हरल्याचं त्यांना फार नव्हतं. पण ऊसतोड्याला जिथं असेल तिथं मत देता आलं पाहिजे, असे अर्ज ते मला लिहायला लावत आणि वर पाठवत. उत्तर एकाही अर्जाला आलं नाही.

मग माझी बदली सिरसाळ्याला झाली. मधे बरीच वर्षं गेली. पुन्हा एकदा कोरडं वर्ष आलं, तेव्हा एका कामानं करंजदरीवरून जाताना आबांना भेटायला उतरलो. घरी नव्हते. “विहिरीवर गेलेत, कळशी घेऊन,” वहिनी म्हणाल्या. “घरात दोन सुना हायेत, पन ऐकतील तर ना.”

विहिरीवर रांग होती. मोटारीला कुलूप. आबा फार थकले होते, फेटा जाऊन टोपी आली होती. एका हातात काठी, एका हातात कळशी, सावकाश येत होते. रांगेतली एक म्हातारी म्हणाली, “आबाला फुडं येऊ द्या गं.”

पुढं उभी असलेली एक नवी सून मागं वळली. कुठल्या तरी लांबच्या गावची असावी, त्या लग्नसराईत आलेली.

“कावून? रांगेत या म्हनावं. पानी काय त्यांनी दिलंय व्हय? सोसायटीचं हाय.”

म्हातारी हडबडली. “अगं, तुला म्हाईत न्हाई, ते...”

आबांनी काठी आपटली. “बरोबर बोलली ती. तिला काय बी सांगू नगंस.”

मी बाजूला सरकून त्यांना वाट दिली. काठीनं वाट चाचपत ते रांगेच्या टोकाला गेले. “शेवटचं कोन हाय?” त्यांनी विचारलं. कुणीतरी नाव सांगितलं. आबा कळशी खाली ठेवून त्याच्या मागं उभे राहिले. इतकं खूश मी त्यांना निवडून आल्यावरही पाहिलं नव्हतं.